गवस आणि फोनवरची जनावरं

उंटाला फोनवर बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं ते बहरीनमधल्या जनाबियाच्या उंटांच्या फार्मवर. खरं म्हणजे उंट बोलत नव्हता. गवस त्याच्या तोंडापुढे मोबाइल धरून उभे होते आणि "बोल रे मेल्या, दोनच शब्द बोल," अशी त्याची मनधरणी करत होते. मी गाडीची दारं लॉक करून, काचा वर करून आत बसलो होतो. उंटाला काच खाली करता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो प्रयत्नच करणार नाही, अशी हमी मला कुणी दिली नव्हती.

गवस एसीचे मेकॅनिक. मूळचे सावंतवाडीकडच्या एका खेड्यातले, आणि बहरीनमध्ये माझ्या दुप्पट वर्षं काढलेले. माझ्या जुफैरच्या फ्लॅटमधला एसी बंद पडला तेव्हा आमची ओळख झाली. एसी त्यांनी वीस मिनिटांत सुरू केला आणि हत्यारं पिशवीत भरता भरता विचारलं, "साहेब, हय जवळपास चार पायांचा काय आसा?"

"खाली मांजरं आहेत," मी म्हणालो.

"मांजर मफी!" गवसांनी हात झटकला. जे चालत नाही, मिळत नाही किंवा पटत नाही, ते सगळं गवसांच्या लेखी 'मफी'. "मांजर खंयय जगता. ता धरूचा नाय."

हा धरण्या-न धरण्याचा नियम त्यांच्या आईचा होता. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही. मुलगा चारी बाजूंनी समुद्र असलेल्या वाळूच्या बेटावर राहतो, एवढंच तिला माहीत. त्याचा पगार, त्याची खोली, त्याचा एसी, यातलं काहीच ती पुरावा म्हणून मानत नाही. "आवस म्हणता, जंय गुरां जगतत थंय माणूस मरणा नाय," गवसांनी मला समजावलं. म्हणून दर शुक्रवारी, तिकडे दुपारचा एक वाजला की गवसांची बायको सासूच्या कानाला फोन लावते. इकडून एखादं जनावर ओरडतं. मगच म्हातारी भाताला हात लावते.

मी या भानगडीत पडलो कारण मला शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, काही काम नसे. मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिला घेऊन पुण्याला गेली होती आणि मी 'स्वातंत्र्य उपभोगतोय' असं सगळ्यांना सांगत होतो. स्वातंत्र्य म्हणजे सिंकपाशी उभं राहून खाल्लेला ब्रेड. त्यापेक्षा गवसांच्या मागे गाढवं शोधत हिंडणं बरं होतं.

ईसा टाउनच्या मागे एका म्हाताऱ्या बहरीनी माणसाच्या शेळ्या होत्या. "सदीक, एक मिनिट टेलिफोन," गवस फोन दाखवत म्हणाले, आणि फोनकडे बोट करून, "उम्मी." सदीक म्हणजे दोस्त, उम्मी म्हणजे माझी आई. आता हा आपल्याला पोलिसांत देणार, म्हणून मी तीन पावलं मागे सरलो. म्हाताऱ्यानं शेळीचा कान हळूच पिळला. शेळी ओरडली. पलीकडून गवसांच्या आईनं शेळीच्या वयाचा अंदाजसुद्धा सांगितला.

उन्हाळ्यात मात्र गवसांनी घात केला. एसीवाल्यांना उन्हाळ्यात शुक्रवारसुद्धा नसतो. त्यांनी त्या शेळीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला आणि लागोपाठ तीन शुक्रवार तोच ऐकवला. तिसऱ्या खेपेला म्हातारी म्हणाली, "ही तीच शेळी, आणि तसाच ओरडता. एकच उरली थंय? मगे तू काय खातस?" त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. पुढे खरा घोडा ऐकवला तरी तिचा विश्वास बसेना. सून रोज सांगायची, दोन घासांवर उठतात.

"नवीन जनावर होया, साहेब," गवस म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला थट्टा सुचली नाही.

म्हणून उन्हाळा सरल्यावर एका शुक्रवारी सकाळी आम्ही बोटीनं हवार बेटांवर गेलो. तिथे मोकळी हरणं आहेत, असं ऐकलं होतं. आहेतही. उतरल्यावर अर्ध्या तासात एक दिसलं. वाळूच्याच रंगाचं, चांगलं धष्टपुष्ट. गवसांनी कोबीची पानं टाकली, फोन लावला आणि श्वास रोखून उभे राहिले. साडेदहा झाले होते. तिकडे एक.

हरणानं पानं खाल्ली. फोनकडे पाहिलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"कोण ता?" फोनमधून आवाज आला.

"हरण, आये! जरा थांब!" गवसांनी फोनवर हात दाबला आणि माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी ओरडा."

"मी?"

"माझो आवाज ती वळखता. तुमचो नाय."

माझ्या हाताखाली अठरा माणसं काम करतात. त्यांतली दोन-तीन मला घाबरतातसुद्धा. हरीण कसं ओरडतं, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. बोटीतून आलेलं एक मल्याळी कुटुंब मुलाबाळांसह आमच्याकडे बघत होतं. मी गुडघ्यांवर बसलो, डोळे मिटले आणि ओरडलो. ते शेळी आणि उचकी यांच्या मधलं काहीतरी निघालं. ते ऐकून खरं हरीण पळून गेलं.

मग म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "ह्या कळपातसून चुकलेला दिसता रे. उपाशी हा ता. तेका आदी खावक दी."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बायको रोज फोनवर विचारते, "जेवलास ना?" मी रोज हो म्हणतो आणि तिला ते खरं वाटतं. या बाईनं मला कधी पाहिलेलं नाही, आणि एका ओरडण्यात तिनं मला पकडलं. मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

गवसांनी डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून त्यांनी फोन माझ्या तोंडाजवळ धरला. मी चावू लागलो.

"खाता मां?" म्हातारीनं विचारलं.

"खाता गे, आये."

"मगे वाड गो माका," ती सुनेला म्हणाली. ताट सरकवल्याचा आवाज आला. गवस फोन कानाला लावून तसेच उभे राहिले, एक घास, दोन घास, तीन, चार. मग खाली बसले आणि स्वतःचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला. ती जेवायला लागल्याशिवाय हा माणूस शुक्रवारी काही खात नाही, हे मला तेव्हा कळलं. फोन आमच्या दोघांच्या मध्ये वाळूवर सुरूच होता. आम्ही तिघंही पोटभर जेवलो.