टोपीच्या भरवशाचा रस्सा

माणूस काय खातो याला फारसं महत्त्व नाही. ते तो कुणाच्या भरवशावर खातो याला आहे. भूक जनावरालाही लागते. पण समोरच्या ताटावर कुणाची सही आहे हे विचारून मगच भूक लागू देणं माणसालाच जमतं, आणि माणसांतही येरुशलेमच्या माणसाला जितकं जमतं तितकं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

आमच्या नहलाओतच्या गल्लीत कुणी कुणाला ‘जेवलास का’ म्हणून विचारत नाही. ‘कुणाच्या शिक्क्याचं जेवलास?’ असं विचारतात. कोशेरचे, म्हणजे अन्न धर्माला चालतं अशी हमी देणारे शिक्के तीन प्रकारचे असतात: साधा, कडक आणि अतिकडक. साध्या शिक्क्याचं आम्ही खात नाही, कडक शिक्क्याचं खातो पण सांगत नाही, आणि अतिकडक शिक्क्याचं सांगतो.

काही भोळ्या लोकांना (यात परदेशी प्रवासी, डॉक्टर आणि माझा मेहुणा येतात) असं वाटतं की शाकाहारी खाणावळीला दाखला कशाला हवा? मांस नाही, म्हणजे दुधात मांस मिसळायची भीती नाही. डुक्कर नाही, कोळंबी नाही. भाजीत काय बिघडणार? या लोकांनी आयुष्यात कधी पालेभाजी नीट पाहिलेली नसते. मांसात प्राणी एकच असतो आणि तो कुठला हे खाटकाला माहीत असतं. पालेभाजीत किती प्राणी आहेत हे त्या प्राण्यांखेरीज कुणालाच माहीत नसतं. शिवाय ती भाजी कुठल्या शेतातली, त्या शेताचं सातवं विश्रांतीचं वर्ष चालू होतं का, तिचा दशमांश बाजूला काढला का, व्हिनेगर द्राक्षांचं असेल तर ती द्राक्षं कुणी तुडवली, चीजसाठी दूध कशाने फाडलं, आणि सकाळी चुलीचा जाळ कुणी पेटवला (यहुदी हाताने पेटवला तर रस्सा चालतो, दुसऱ्या हाताने पेटवला तर तोच रस्सा तितकाच उकळूनही चालत नाही), हे सगळे प्रश्न आहेतच. या हिशेबाने कोकरू खाणारा सुखी. काकडी खाणाऱ्याने जपून राहावं.

योखेवेदची खाणावळ बाजाराच्या मागच्या बोळात आहे. पूर्वी ती कुब्बे, म्हणजे मांस भरलेले रव्याचे गोळे, करायची. पण मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, मोऱ्या वेगळ्या, फडकी वेगळी, एवढं सगळं मांडल्यावर स्वयंपाकाला जागाच उरेना, म्हणून तिने मांसच काढून टाकलं. आता ती रव्याच्या गोळ्यात अळंबी भरते आणि ते गोळे पालेभाजी, लसूण आणि लिंबाच्या रश्श्यात सोडते. माझी बायको गेल्यापासून मी दुपारचं तिथेच जेवतो. खरं सांगायचं तर दिवसभरात मी ज्याची वाट बघावी अशी तेवढी एकच गोष्ट आता उरली आहे.

योखेवेदला एक खोड आहे. ताटली ठेवली की ती एप्रनला हात पुसत उभी राहते आणि विचारते, “कसं झालंय?”

यावर आमच्या गल्लीतलं गिऱ्हाईक विचारतं, “पानं कितीदा धुतलीस?”

“तीनदा. साबणाच्या पाण्यात भिजवून.”

“मग हरकत नाही,” असं म्हणून ते चमचा उचलतं. योखेवेद आणखी थोडा वेळ उभी राहते आणि आत जाते.

हे असं चार वर्षं सुरळीत चाललं होतं. मग पिन्हासच्या मुलीला स्थळ आलं. पिन्हास हा सिनेगॉगमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसतो, आणि माझी प्रार्थना त्याच्याआधी संपली तर माझ्याकडे संशयाने बघतो. मुलाकडचे बघायला आले तेव्हा चुलीवर योखेवेदच्या रश्श्याचा डबा गरम होत होता. मुलाच्या बापाने विचारलं, “कुणाचा शिक्का?” पिन्हासने डब्याचं झाकण उलटंपालटं करून पाहिलं. चार वर्षं जे खाल्लं त्यावर कुणाचा शिक्का आहे हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर तातडीची समिती बसली. समितीत पिन्हास, किराणा दुकानवाला शब्ताय आणि मी असे तिघे होतो. तपासाची पद्धत आमच्याकडे फार जुनी आणि शास्त्रशुद्ध आहे: आपल्यापेक्षा कडक माणूस तिथे जेवतो का हे बघायचं. जेवत असेल तर पुढे काही बघायचं नाही. (खाणावळीत जाऊन विचारावं अशी सूचना मी केली. समितीने ती एकमताने फेटाळली, आणि त्या एकमतात माझंही मत होतं. विकणाऱ्याला विचारून काय कळणार?)

“मी तिथे जेवायला लागलो,” पिन्हास म्हणाला, “कारण शब्ताय जेवतो. शब्ताय घरच्या साखरेतसुद्धा किडे शोधतो.”

“मी?” शब्ताय उडालाच. “अरे, मी नहुमला बघून गेलो. म्हटलं, नहुम बराशी पाणीसुद्धा फडक्याने गाळून पितो. तो बसतो म्हणजे बघूनच बसला असणार.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात माझ्याकडे इतक्या आदराने कुणी पाहिलं नव्हतं, आणि तो आदर आणखी मिनिटभर टिकावा अशी माझी फार इच्छा होती.

“मी टोपी बघितली,” मी म्हणालो.

टोपीचं सांगायला हवं. योखेवेदच्या खाणावळीत शिरलं की समोरच्या भिंतीत एक खिळा आहे. एकच आहे. येरुशलेमच्या दगडात खिळा ठोकायचा म्हणजे दगड तसाच राहतो आणि खिळा वाकतो, त्यामुळे जो बसला तो बसला. त्या खिळ्यावर चार वर्षांपूर्वी मला रस्त्यावरून एक काळी टोपी दिसली. रुंद काठाची, आणि डाव्या बाजूला चेपलेली. ती टोपी अख्खी गल्ली ओळखते. ती रब्बी गेदाल्यांची. एका लग्नात त्यांच्या टोपीवर नवरदेवाची आजी बसली होती, तेव्हापासून ती तशी आहे. आणि रब्बी गेदाल्या म्हणजे कोण? जे स्वतःच्या बहिणीच्या घरी जाताना उकडलेलं अंडं खिशात घालून जातात, ते! त्यांची टोपी आत, म्हणजे रब्बी आत. मी तसाच शिरलो. रब्बी मला दिसले नाहीत, पण मागे हात धूत असतील असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशीही टोपी होती. तिसऱ्या दिवशीही होती. म्हटलं, काय हा माणूस, रोज माझ्याआधी येतो!

“चार वर्षं हात धूत होते?” शब्तायने विचारलं.

मला त्या क्षणापर्यंत ही शंका आली नव्हती. भूक लागलेली असताना शंका उशिरा येतात.

समितीने मला रब्बींकडे पाठवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकदम उठून उभे राहिले.

“माझी टोपी! अरे, ती टोपी मी बसमध्ये हरवली म्हणून तीन अर्ज केले! हरवलेलं मिळावं म्हणून दानपेटीत दर शुक्रवारी नाणं टाकतो!”

“म्हणजे रब्बी, आपण तिथे जेवत नाही?”

“मी?” त्यांचा चेहरा पडला. “नहुम, त्या दिवशी ऊन भयंकर होतं आणि मी बाजारात दोन पेले लिंबूसरबत प्यालो होतो. पुढचं तुला समजलं असेल. त्या बाईने मोरीचं दार दाखवलं, मी टोपी खिळ्यावर अडकवली (हे आत्ता आठवतंय!), आणि बाहेर आलो तर बोळाच्या तोंडाशी बस उभी. धावलो. सबंध वाटेत एकच काळजी होती, की मला तिथे शिरताना कुणी पाहिलं तर नाही? पाहणाऱ्याचा गैरसमज होईल असं वागू नये म्हणून मी तेव्हापासून त्या बोळातूनसुद्धा जात नाही.”

मी त्यांना धीर दिला. म्हणालो, त्यांना शिरताना कुणीही पाहिलं नव्हतं.

आता पेच पडला. आम्ही चार वर्षं त्या खाणावळीचे डबे घरी आणून आमच्या भांड्यांत, आमच्या चुलींवर गरम केले होते. ती खाणावळ भरवशाची नसेल तर गल्लीतलं एकही भांडं भरवशाचं नव्हतं. शब्तायच्या मते टोपी होती तिथेच राहू द्यावी आणि विषय मिटवावा. पण हरवलेली वस्तू ज्याची त्याला परत करायची ही तर आज्ञा आहे, आणि मालक सापडल्यावर त्यात पळवाट नाही. (आम्ही शोधली. दुपारपर्यंत पोथ्या चाळल्या.)

मी टोपी आणायला गेलो तेव्हा योखेवेद हसली. “काका, मुद्दाम समोर लावली होती. म्हटलं, ज्याची असेल त्याला येताजाता दिसेल. सापडलेल्या वस्तूचा पुकारा करायला नको का?” मी टोपी काढली. खिळ्यावर टोपीच्या मागे एक चौकट लटकत होती. चौकटीत दाखला होता. या वर्षीचा, अतिकडक शिक्क्याचा. पानं, पीठ, दशमांश, जाळ, सगळ्याची हमी दिलेली, खाली दोन सह्या.

“हा कधीपासून आहे?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. दर वर्षी नवा येतो. बदलताना टोपी काढते आणि परत लावते. खिळा एकच आहे ना.”

मी धावत सिनेगॉगमध्ये गेलो. माझी अशी समजूत होती की मी आनंदाची बातमी घेऊन चाललो आहे. समितीने जागेवर येऊन चौकटीची पाहणी केली. पिन्हासने सह्या दोनदा वाचल्या.

“हे कोण?” तो म्हणाला. “हे स्वतः कुठे जेवतात?”

“कागद काय, कुणीही छापतं,” शब्ताय म्हणाला. “रब्बी गेदाल्यांची टोपी छापता येईल का?”

“म्हणजे टोपी असताना जेवत होतात,” योखेवेद म्हणाली, “आणि दाखला दिसला म्हणून जेवायचं बंद?”

“तुझ्यावर कुणी संशय घेत नाहीये,” पिन्हास मोठ्या मनाने म्हणाला. “आमचा संशय फक्त तुझ्या दाखल्यावर आहे.”

त्या आठवड्यात खाणावळीत मी एकटा होतो. एकटा का गेलो ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला मी शूर वाटेन. मला घरी अंडंसुद्धा उकडता येत नाही. योखेवेद माझ्यापुरता रस्सा करायची, आणि त्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी तो कसाबसा दिसायचा. गुरुवारी तिने टेबलं पुसली, खुर्च्या उलट्या करून वर ठेवल्या आणि म्हणाली, “काका, पासओव्हरच्या सणापर्यंत बघते. नाही जमलं तर बीरशेबाला भावाकडे जाईन.” मला रडू आलं. बायकोच्या शोकाचे सात दिवस बसलो तेव्हा दारात पहिलं पातेलं योखेवेदचं आलं होतं, आणि मी त्यावरसुद्धा शिक्का शोधला होता.

मी उठलो आणि डोक्यावरची टोपी काढून खिळ्यावर अडकवली. माझी टोपी माझ्या सासऱ्यांची. ते मोठे विद्वान, त्यामुळे टोपीही मोठी. ती माझ्या डोक्यावर कधी शोभली नाही. खिळ्यावर मात्र फार भारदस्त दिसली. दाखला तिच्यामागे पूर्ण झाकला गेला.

सोमवारी दोन टेबलं भरली. बुधवारी लोक दारात उभे होते. टोपी कुणाची हे कुणीही विचारलं नाही; विचारलं असतं तर कळलं असतं. ती टोपी गेली तीस वर्षं पिन्हासच्या शेजारच्या बाकावर बसत आली होती, पण त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शब्तायच्या कानात सांगितलं, “हे रब्बी गेदाल्यांपेक्षा कडक दिसतात.” मुलीचं लग्नही ठरलं. मुलाच्या बापाने पोटभर रस्सा घेतला आणि पानं कितीदा धुतली तेवढं विचारलं.

माझं मात्र जरा अवघड झालं. नुसती घरातली चपटी टोपी घालून रस्त्यात फिरणारा नहुम गल्लीने कधी पाहिला नव्हता. “नहुम घसरला,” असं पिन्हास म्हणाला, आणि तो म्हणाला म्हणून शब्तायही म्हणाला. नवी टोपी घ्यावी तर लोक विचारणार, जुनी कुठे गेली? मग एका दुपारी योखेवेदने मला दारातच अडवलं. बिचारी लाजेने अर्धी झाली होती.

“काका, राग मानू नका. लोक म्हणतात, नहुम बराशी इथे जेवतो म्हणजे काहीतरी गडबड असणार. टोपीचं नाव खराब होतंय. तुम्ही मागच्या दाराने याल का?”

मी आता मागच्या दाराने जातो. तिथे कांद्याच्या पोत्यांशेजारी एक स्टूल आहे, त्यावर बसून जेवतो. योखेवेद ताटली देते, एप्रनला हात पुसत उभी राहते आणि विचारते, “कसं झालंय?” परवा मी उत्तर द्यायला मान वर केली आणि सवयीने आधी भिंतीकडे पाहिलं. मागच्या भिंतीला खिळा नाही.

तुम्ही आमच्या गल्लीला हसला असाल. हसा, हक्काने हसा. पण एक सांगा. दाखला वाचलात, टोपी पाहिलीत, पानं कितीदा धुतात तेही लक्षात ठेवलंत. रस्सा लागतो कसा, हे मात्र तुम्हीसुद्धा एकदा विचारलं नाहीत.