बी नसलेल्या केळीचा मांडव

सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला, की आम्ही तो तोंडात टाकून मोकळे होत असू. डोमामामा मात्र त्यातली केळ्याची चकती काढून उजेडात धरायचे. "बी कोठी हाय याचं?" पूजा सांगायला आलेल्या भटजींनाही त्यांनी हा प्रश्न विचारायचं सोडलं नव्हतं.

डोमामामा नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. हाकेनं अख्ख्या आंधळगावाचे. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांची धानाची शेती, आणि मागच्या परसात विहिरीच्या पाटावर केळीचं बन. गावात कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या दाराशी बांधायचे केळीचे खांब मामांकडूनच जात, आणि खांबांसोबत मामाही, आमंत्रण असो-नसो. सीताफळाच्या बिया ते ओट्यावर मांडून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पाय, किती दिलदार!" केळ्यावर मात्र त्यांचा वहीम होता.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. तेव्हा हा वहीम शेवटी माझ्याच गळ्यात पडला. पुस्तकं चाळून एका संध्याकाळी त्यांच्या बनात बसून मी सांगितलं, की रानातल्या मूळ केळीत खड्यांसारख्या बिया असतात. कधीतरी दोन जातींच्या संकरातून अशी एक केळ निपजली, की तिच्यात बी धरेना, पण गर मात्र भरला. कुणाला तरी ती गोड लागली. त्यानं तिच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू उपटून आपल्या दारी लावलं. तिथून दुसऱ्यानं नेलं. चकतीतले काळे ठिपके म्हणजे न धरलेलं बी.

मामांनी बुडाशी फुटलेलं एक पिल्लू चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मास्तर, कोनी ना कोनी हाती धरूनच आनलं इले आपल्या दारापावेतर?"

होय म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला. हजारो वर्षं ही केळ माणसाच्या हातून माणसाच्या हाती आली. मधल्या साऱ्यांनी हात आखडला असता, तर ती कधीच संपली असती. आणि आता ती तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या मामांच्या हातात होती. मामांनी खोडाला हात लावून नमस्कार केला. विज्ञानाचा मास्तर असून मीही केला.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. मामा खांब घेऊन आले. पारबतामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहाटेपासून हळद दळली. पण हळद लावायला पाच लेकुरवाळ्या सवाशिणी बोलावल्या, तेव्हा मामी आपणहून मागे भांडी घासायला गेल्या. त्यांना मूल नव्हतं. गावात हे कुणी बोलून दाखवत नसे. फक्त हळदीच्या वेळी त्यांना हाक जात नसे.

खांब बांधता बांधता मामा थांबले आणि माझ्या आईला हळूच म्हणाले, "वहिनी, या केळीले बी नाही, तरी मांडवाले हेच पायजे म्हनता. मंग माह्या पारबताले काहून नाही?"

आई त्या खांबाकडे बघत राहिली. रीतभातीत ती एरवी कुणाचं ऐकणारी नव्हती. पण उठली, मागे गेली आणि मामींना ओल्या हातानंच धरून बहिणीच्या पाटापाशी घेऊन आली. पहिली हळद मामींनी लावली. मामा आमच्याकडे पाठ करून आधीच आवळलेली गाठ पुन्हा आवळत होते.

पाठवणीच्या वेळी मामींनी बहिणीच्या हाती ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं केळीचं पिल्लू दिलं.

"आमच्या घरचं हाय, बाई," त्या म्हणाल्या. "सांभाळजो."