अकरा डब्या

"मी एवढ्या पदव्या घेतल्या त्या काय डबी भरायला, मावशी?" उपसंचालक तिच्या कानाशी लागून कुरकुरले आणि रिकामी डबी त्यांनी तिच्या पिशवीत सरकवली. "तेवढं तुम्हीच जमवा. कुणाजवळ बोलू नका हं."

पोटातल्या जंतांवर लस शोधणाऱ्या त्या संस्थेत परिपत्रक निघालं होतं. जनतेचा विश्वास बसावा म्हणून अकराही अधिकाऱ्यांनी आधी स्वतः लस टोचून घ्यावी आणि महिन्याभराने शौचाचा नमुना जमा करावा. शिपायांची नावं यादीत नव्हती. त्यांचा विश्वास गृहीत धरला होता.

मावशी तिथली बावीस वर्षांपासूनची शिपाई. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेला वळतच नसे. संध्याकाळपर्यंत अकरा साहेब एकेकटे येऊन कुरकुरून गेले, अकरा वेळा तिने शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैठकीत संस्थेचं सगळं संशोधन उरकून टाकलं.

अहवाल आला. अकराही नमुन्यांत जंतांची अंडी!

सभेत प्रत्येकाने आपली खुर्ची हळूच शेजाऱ्यापासून लांब ओढली. आपलं पोट स्वच्छ आहे हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं; बाकीच्या दहांची मात्र किळस वाटत होती. पण "माझ्या पोटात जंत नाहीत" म्हणायची सोय नव्हती. पुढचा प्रश्न डबीचा आला असता. त्यापेक्षा जंत परवडले.

'लस निष्प्रभ' असं कोण लिहिणार? 'जंत अपेक्षेपेक्षा धीट निघाले' अशी नोंद झाली. मग उपचार ठरले. अधिकाऱ्यांनी संचालकांसमोर गोळी गिळावी, संचालकांनी आरशासमोर. पुन्हा डब्या, पुन्हा मावशी, पुन्हा अंडी. मात्रा दुप्पट झाली, मग चौपट. जुलाबांनी उपसंचालकांची विजार पट्ट्याला दाद देईना. शेवटी नवी जात जाहीर झाली: कुठल्याही औषधाला न जुमानणारा, केवळ वरिष्ठ अधिकाऱ्यांत आढळणारा जंत. परदेशी तज्ज्ञांना आमंत्रणं गेली.

इकडे मावशीच्या पोटात कळा येत. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. एके दिवशी ती संस्थेच्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. तेही अकरांतलेच.

"साहेब, एक गोळी द्या ना. जंतच आहेत हो."

"नमुना दिलात?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "दिलाय की."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "यादीत दिसत नाही. नमुन्याशिवाय गोळी नाही, नियम आहे."

तज्ज्ञ आले. त्यांनी कागद चाळले, माना हलवल्या आणि थोरले तज्ज्ञ म्हणाले, "आता एकच उपाय. अकराही पोटं उघडून बघावी लागतील. उद्याच."

संचालकांच्या हातातलं पेन घरंगळलं. अकरा जोडी डोळे हळूहळू दाराकडे वळले. दारात मावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. प्रत्येक नजर तिला विनवत होती, आणि प्रत्येक नजर तिला गप्पही बसवत होती.

कळ आली तशी मावशीने ट्रे टेबलावर टेकवला, एका हाताने पोट दाबलं.

"पोटं राहू द्या, साहेब. ती गोळी एकदा मला द्या. परवापर्यंत तुम्ही अकराही जण ठणठणीत बरे होता की नाही बघा."