म्हात्रेदादांचा टर्बो

म्हात्रेदादांच्या गाडीचं जे झालं त्यात चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दादांच्या तऱ्हा ऐकून तुम्ही हसाल. मीही हसायचो.

दादा आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. मूळचे करंजाड्याचे. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘फुटला तं काय व्हईल?’ सोसायटीने गच्चीवर नवी टाकी बसवली, सगळे पेढे खात होते, दादा टाकीखाली उभं राहून विचारत होते, “फुटली तं काय व्हईल?” माझ्या नातवाच्या बारशाला ते फुग्यांपासून चार हात लांब बसले होते.

अशा माणसाने आपल्या जुन्या छोट्या गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. गाडीची ताकद वाढते, तशी फुटण्यासारख्या गोष्टींची संख्याही वाढते.

कळंबोलीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, आधी टर्बो निवडा, बाकीचं त्याप्रमाणे बघू. दादांनी उलटीकडून सुरुवात केली. “आदी थांबाचा, मंग पलाचा,” म्हणत पहिल्या वर्षी मोठे ब्रेक घेतले. मग टायर. मग क्लच, मोठा रेडिएटर, डिकीत आग विझवायचा सिलिंडर आणि चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे. गाडी पूर्वीइतकीच हळू पळायची, पण थांबायची अशी की मागच्याचा जीव जायचा. सोसायटीच्या ग्रुपवर तिचं नाव मी ‘कासव’ ठेवलं. दादांनी अंगठा पाठवला होता.

टर्बोची पाळी आली तेव्हा बजेट संपत आलं होतं. उरलेल्या पैशांत नव्या टर्बोचा तिसरा हिस्साही आला नसता. मी तळोज्याला एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. भाव पाडणं हा माझा धंदा आणि घमेंडही. म्हटलं, “दादा, माझ्यावर सोडा.” भंगार बाजारातून मी एक जुना टर्बो नव्याच्या पाव भावात आणला.

सौदा करताना मी त्याच्या पंख्याचा दांडा बोटांत धरून हलवला होता. तो हलला. एवढा हलायला नको, हे मला माहीत होतं. पण भाव फार छान पडला होता.

दादांनी तो दोन्ही हातांत घेतला, तान्ह्या मुलासारखा. “शिंदेसाहेब, फुटला तं काय व्हईल?”

“काही होत नाही हो.”

गॅरेजवाल्याने कुरकुर केली. शिंदेसाहेबांनी बघून आणलाय, म्हणत दादांनी त्याला गप्प केलं.

पहिली फेरी पुण्याला, त्यांच्या मुलीकडे. मानाने मला पुढे बसवलं. मागे मंदावहिनी. पनवेल सोडेपर्यंत मी पंख्याची बारीक शिटी ऐकत होतो. खोपोलीनंतर घाट लागला, तशी तिच्यात किणकिण मिसळली. थांबवा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा हसले. “आईकताव ना? काय गातंय!”

मी मागे वळलो.

“दादांना या वयात वेगाचं वेड लागलं,” मी उगाच वहिनींना म्हणालो.

“वेग कसला, भावजी? घाटात एसी बंद केला नाय तं गारी वर चरत नाय. एसी बंद म्हंजे काचा उघऱ्या. ट्रेलरचा धूर आत येतो, मना दम लागतो. दुसऱ्या गारीत मना उलटी व्हते. म्हनून चार वर्सं हा खटाटोप.”

एसी चालू होता. काचा बंद होत्या. आणि त्या एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास आला.

पुढच्या वळणावर बॉनेटमधून निळा धूर निघाला. ताकद गेली. मागे ट्रेलर भोंगा वाजवत होता. दादांनी गाडी कडेला दाबली आणि ती जागच्या जागी थांबली. आदी थांबाचा. मी चाकाखाली ठोकळे लावले. दादा वहिनींना उचलून कठड्याशी घेऊन गेले, दम्याचा पंप तोंडाला धरला, पाठीवर हात फिरवत राहिले. “हलू, मंदा. हलू.” त्यांच्या ओठांवर त्यांचा प्रश्न नव्हता. तो माझ्या पोटात होता. वहिनींचा श्वास ताळ्यावर यायला पाऊण तास गेला.

परतताना टोइंगच्या गाडीत दादा म्हणाले, “रेसवर माजा पाय जड परला, साहेब. टर्बो तुमी चांगलाच आनला व्हता.”

मी खिडकीबाहेर घाट बघत राहिलो.

गॅरेजवाल्याने टर्बो काढला, गाडीवर कव्हर चढलं. वहिनी पुण्याला जाईनाशा झाल्या. सोसायटीत नवा जनरेटर आला तेव्हा मी दादांकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. पाय जड असलेल्या माणसाने काय विचारायचं, असा चेहरा करून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. वहिनी भाकरी थापत होत्या. दादांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

“दादा, तुम्ही विचारलं होतं, फुटला तर काय होईल. मी खोटं सांगितलं. त्याचा दांडा हलत होता. माझ्या बोटांना कळलं होतं, घाटात कानांनाही कळलं. तुमच्या पायाचा काही दोष नव्हता. वहिनी, तुमचा श्वास माझ्यामुळे अडकला. मला माफ करा.”