दोनपैकी एक

ह्यांच्या ऑपरेशनआधी भेटीचा पास काढायचा होता, आणि तो ऑनलाइन अर्ज मीच भरणार असं मी ठरवलं. एवढंच झालं.

"वहिनी, मी भरते की," नणंद म्हणाली.

"डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली." (हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवते.) साठी उलटल्यावर, कोणाच्याही मिनतवाऱ्या न करता, मी बोलका कॉम्प्युटर शिकले. पडद्यावरचं तो वाचून दाखवतो, मी बटणं दाबते.

हॉस्पिटलचा अर्ज उघडला. कॉम्प्युटर म्हणाला, "चौकट, रिकामी." पुढे गेले. "चौकट, रिकामी." कसली चौकट, ते काही सांगेना. अर्ज बनवणाऱ्या शहाण्याने नावं नुसती शेजारी लिहून ठेवली होती, चौकटींना जोडलीच नव्हती. अंदाजाने नाव, वय, फोन टाकला. (फोनच्या जागी वय गेलं.) लगेच हुकूम आला, "लाल चौकटी दुरुस्त करा." लाल! मला!

धडपडून तेही निस्तरलं. शेवटी आलं, "बटण, दोनपैकी एक. बटण, दोनपैकी दोन."

"काय विचारलंय ते बघू का?" नणंद.

"गप बस गं. जगात कुठेही 'हो' आधी असतं." मी पहिलं दाबलं. अर्ज गेला.

सकाळी वॉर्डच्या दारात वॉचमनने अडवलं. "आजी, तुम्हीच लिहून दिलंय. भेटीगाठी बंद ठेवायच्या का? हो."

खिडकीवरच्या कारकुनावर मी तोंडाचा पट्टा सोडला.

"प्रश्न वाचायचा ना आजी, शेजारीच तर आहे."

"तुला दिसतो शेजार! माझ्या कॉम्प्युटरला कोण दाखवणार? बटणाला नाव चिकटवताना हात मोडतात तुमचे?"

"बदलून देतो. दहा मिनिटं."

दहाव्या मिनिटाला पास हातात आला. नवव्याला ह्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं. टेबलावरच गेले.

ह्यांचा चष्मा आणि घड्याळ माझ्या हातात देताना नर्स म्हणाली, "सकाळपासून दाराकडे तोंड करून बसले होते. मी सांगितलं, आजोबा, तुमच्या मिसेसनी भेटी बंद ठेवल्यात. तर म्हणाले, 'तिने लिहिलंय? मग बरोबरच असेल. तिचं चुकत नाही.'"

बेचाळीस वर्षं हेच मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. एरवी माझं एक वाक्य लक्षात ठेवतील तर शपथ. नेमकं हे ठेवलं.