माझी चरबी आणि अण्णांचा चहा

दुबईतल्या चाळीस-चाळीस मजली टॉवरांची ड्रेनेज लाइन माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्याच फ्लॅटचं सिंक तुंबायला लागलं, तेव्हा मी हसलोच!

"श्रीनाथ, मेंटेनन्सला फोन कर," माझी बायको उर्वी म्हणाली.

"मी? मेंटेनन्सला?"

गुन्हेगार मी आधीच शोधला होता. माझे सासरे अण्णासाहेब सांगलीहून राहायला आले होते. दिवसातून पाच वेळा स्वतः चहा करायचे, कप स्वतःच विसळायचे. आणि तेव्हापासूनच सिंकमधलं पाणी सरकारी फायलीसारखं हलेना! म्हणजे चहाची पत्तीच! मी सिंकवर नोटीस चिकटवली: 'यात चहाचा गाळ टाकू नये.' नाव कुणाचं घातलं नव्हतं. घरात चहा पिणारं दुसरं कुणी नव्हतं, हा भाग वेगळा.

अण्णांनी नोटीस वाचली. "बरं," एवढंच म्हणाले.

दहा दिवस झाले तरी सिंक काही सुधारेना. शेवटी शनिवारी सकाळी बाह्या सरसावून मी ओट्याखाली शिरलो आणि पाईपच्या तळाची, गाळ अडकतो ती पांढरी वाटी फिरवून काढली. भसकन पाणी तोंडावर!

"बादली!"

आमची आठवीतली तनया बादली घेऊन आली. "बाबा, इज इट सपोज्ड टू डू दॅट?"

"यल्ला, लवकर इकडे दे!"

काठोकाठ भरलेलं सिंक बादलीत रिकामं झालं. मी बादली उचलली आणि सवयीने ओतली... सिंकमध्येच! खालची वाटी माझ्या हातात!

पाणी माझ्या पायांवरून हॉलमध्ये, हॉलमधून दाराखालून कॉरिडॉरमध्ये. बेल वाजली. समोरचे फहदभाई, हातात ओले बूट.

"भाईसाब, आपके घर से नहर निकल रही है!"

"खलास, खलास! दो मिनट!"

परत येऊन मी वाटीत पाहिलं. पत्ती नव्हतीच. मेणबत्तीसारखा पांढरा, घट्ट गोळा होता. वास घेतला. मटण! दर शुक्रवारी मी झोकात मटण करतो आणि वर आलेली चरबी गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडून देतो. ती आत थिजत बसली होती.

उर्वी फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णांनी चहा सोडलाय. दहा दिवस झाले. परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलंय तनयाला."

मी तसाच ओल्या फरशीवर बसलो. मुलीच्या घरी राहणारा बाप एसीसुद्धा विचारून लावतो. त्याचं स्वतःचं म्हणावं असं या घरात काय होतं? पाच कप चहा. तोही मी एका कागदाने काढून घेतला होता. आणि एवढ्या दिवसांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

वाटी परत बसवली, चहा केला आणि त्यांच्या खोलीत गेलो.

"अण्णा, पत्ती नव्हती. माझी चरबी होती."

"ते दिसतच होतं."

"मटणाची!"

"तेच म्हणतोय. सव्वीस वर्षं खानावळ चालवली मी. चरबी आधी डब्यात काढायची, भांडं कागदाने पुसायचं, मग पाणी. नाहीतर मोरी तुंबणारच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे, जावईबापू? नोटीस लावलीत."

मी कप त्यांच्यापुढे सरकवला. "चुकलं माझं. तिकीट राहू दे, अण्णा."

त्यांनी सावकाश एक घोट घेतला. मग कान टवकारले. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. टप्... टप्...

"वॉशर उलटा बसवलाय तुम्ही," म्हणत अण्णा उठले. "असं गळतं घर टाकून मला जाता यायचं नाही."

वॉशर अर्ध्या मिनिटात सरळ बसला. मी काय केलं म्हणता? टॉर्च धरला!