सर्वज्ञ काडी

गुरुनाथ सहस्रबुद्धेनं जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्यामुळे ऑफिसातल्या एचआरच्या डॉनाबाईनं कापसाची काडी त्याच्या गालाच्या आतून फिरवली, तेव्हा तो खुशाल हसत होता. मिशिगनमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीनं २००५ च्या जानेवारीत फतवा काढला होता: ज्याच्या अंगात निकोटीन सापडेल, त्याची नोकरी गेली. गुरुनाथचा व्हिसा याच नोकरीवर लटकलेला. नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून थेट पुणं!

दोन दिवसांनी डॉनानं बोलावलं. "गुरू, तू स्मोक करतोस."

"मी? मला उदबत्तीनंसुद्धा खोकला येतो!"

"रिपोर्ट तसं म्हणत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा टेस्ट."

घरी बायकोनं, उत्तरानं, त्याचं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे गुन्हेगार पकडला. "तुमचा तो कारपूलवाला संजय! गाडीच्या काचा बंद करून धूर सोडतो. उद्यापासून बसनं जा."

कराडहून आलेल्या सरलामावशीनं तर त्याला फैलावरच घेतलं. "तुझे काका हेडमास्तर! गावोगाव व्यसनमुक्तीची व्याख्यानं देतात, आणि तू त्या धुरात बसतोस? आ कर!"

गुरुनाथनं गेल्या पंधरवड्यात रोज करायचा तसा आ केला. त्याची दाढ ठणकत होती, डेंटिस्टची अपॉइंटमेंट महिनाभरानं होती आणि मावशीचं काळं मंजन म्हणजे चमत्कार होता. चोळलं की डोकं हलकं व्हायचं आणि दाढ गप्प.

आठवडाभर तो बर्फात बसची वाट बघत कुडकुडला. थंडीनं दाढ जास्तच ठणकली, म्हणून मावशीनं मंजन दिवसातून दोनदा चोळलं. सोमवारी निकोटीन पहिल्यापेक्षा वाढलेलं निघालं!

"लास्ट चान्स," डॉना म्हणाली. स्वतःलाही ठाऊक नसलेलं आपलं पाप या काडीला दिसतंय, असं वाटून गुरुनाथनं काडीलाच मनोमन हात जोडले.

संध्याकाळी संजय रुसून घरी आला. "काय यार, माझी गाडी सोडून बसनं जातोस?" बोलता बोलता तो थबकला, नाक वर करून किचनकडे गेला आणि मावशीच्या डबीवर डोळे मिटून झुकला. "आहाहा! मिश्री! आमची आजी लावायची. अस्सल भाजलेली तंबाखू!"

उत्तरानं झडप घालून डबी उचलली. मावशीनं पदर तोंडाला लावला. "अरे, मला वाटलं, त्या काडीला धूरच कळतो. हिला कुठे धूर असतो?"

डबी त्याच क्षणी कचऱ्यात गेली. पुढच्या टेस्टला गुरुनाथ सुजलेल्या गालानं, दाढ दाबून गेला आणि निर्दोष सुटून आला. आनंदानं त्यानं मावशीला मिठीच मारली.

मावशी मात्र थक्क होऊन बसली होती. "उभा संसार झाला रे, मी रोज लावते, तुझ्या काकांना ते मंजनच वाटतं. हेडमास्तरांना जन्मभर कळलं नाही, ते त्या एवढ्याशा काडीला कळलं!"

मग दाराकडे बघत तिनं हळूच विचारलं, "गुरू, ती डॉना कराडला फोन तर नाही ना करणार?"